मर्डो स्वॉन्सनची हजेरी

इन्व्हरार्डल अकॅडमी,
लॅटिनची खोली, गुरुवार दुपार

प्रिय इला,

एका घोर अन्यायाची तक्रार तुझ्या दरबारी दाखल करतो आहे, ती शांत चित्ताने ऐकावी. या आठवड्यात रोज शिक्षकखोलीतलं शेवटचं चॉकलेटचं बिस्कीट मला मिळतं आहे. न मागता, न भांडता. तू इथे सहा वर्षं शिकलीस, पण त्या दाराआड विद्यार्थिवर्गाला प्रवेश निषिद्ध, त्यामुळे या घटनेचं गांभीर्य तुला कळणार नाही. त्या डब्यातल्या शेवटच्या बिस्किटावरून मी आणि शाळेचा शिपाई वॉटी, आम्ही वीस वर्षं लढत आलो आहोत. त्याने एकदा ते चाटून परत डब्यात ठेवलं होतं, म्हणजे मी हात लावू नये. मी एकदा ते लॅटिनच्या मोठ्या कोशाखाली लपवलं होतं, त्याचा भुगा झाला आणि कोशाचं 'प' अक्षर अजून चॉकलेटी आहे. असा हा वॉटी सोमवारी डबा माझ्यापुढे धरून म्हणतो, "घ्या मास्तर, तुम्हीच घ्या. मला काय, घरी बायकोने केक केलाय." वॉटीच्या बायकोने जन्मात केक केलेला नाही. मंगळवारी पुन्हा तेच. काल तर त्याने चहासुद्धा ओतून दिला आणि वर विचारलं, "साखर घालू ना?" मी खाल्लं बिस्कीट. गोड लागलं नाही. पिढीजात वैरी दानधर्म करू लागला की माणसाने सावध व्हावं, असं कुठल्यातरी नीतिकाराने म्हटलं असणारच. नसेल तर मी म्हणतो.

बाकी क्षेम. तुझ्या आईने बागेतले बटाटे काढले, ते यंदा बरे आहेत, म्हणजे तिच्या भाषेत 'वाईट नाहीत'. समुद्रावरून वारा असा येतो आहे की पटांगणातल्या सीगल पक्ष्यांनाही चालत जावं लागतं. साडेतीनला दिवे लावतो. आणि मी शाळेचा इतिहास लिहितो आहे, कारण आपले मुख्याध्यापक, रेक्टर टलकसाहेब, यांना पाहुण्यांना वाटायला एक पुस्तिका हवी आहे. मी त्यांना दिलेल्या पहिल्याच प्रकरणातून त्यांनी कोंबडे काढायला सांगितले. तुला कोंबडे आठवतात ना? जुन्या काळी फेब्रुवारीतल्या सणाला प्रत्येक पोराने घरचा कोंबडा शाळेत आणायचा, वर्गात झुंजी लावायच्या, आणि जे हरतील, पळतील, मरतील ते सगळे मास्तरांचे. मास्तरांच्या पगारात ते धरलेले असत. लहानपणी तू हे ऐकून मला विचारलं होतंस, "मग मास्तर कुणाच्या बाजूने ओरडायचे?" इतका मार्मिक प्रश्न या शाळेच्या इतिहासात दुसऱ्या कुणी विचारलेला नाही. टलकसाहेब म्हणाले, "श्री, लोकांना हे आवडणार नाही हो. त्यापेक्षा ते पीटचं घ्या, ते छान आहे." म्हणजे हिवाळ्यात प्रत्येक मुलाने काखेत पीटचा, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीचा, एक वाळका तुकडा घेऊन यायचा, वर्गातल्या शेकोटीसाठी, जो आणणार नाही त्याने शेकोटीपासून सगळ्यांत लांब बसायचं. यात छान काय आहे ते मला कळलं नाही, पण कोंबडे काढले आणि पीट ठेवलं. मी हल्ली फार वाद घालत नाही.

खरं प्रकरण पुढचं आहे, आणि तेही पुस्तिकेत येणार नाही, कारण ते लिहायचंच नसतं. हजेरी. उद्याच्या शुक्रवारी नव्हे, त्याच्या पुढच्या. तुला मी हजेरी काय समजावणार! तरी लिहितो, कारण लिहिताना माझं मला तपासता येतं. पहिलं महायुद्ध संपलं त्या वर्षी शाळेने आपल्या मेलेल्या मुलांसाठी सभा बोलावली. लॅटिनच्या डॉक्टर मकीननी त्या सगळ्यांना शिकवलं होतं. कुणीतरी त्यांच्या हातात नावांचा कागद दिला, तर तो त्यांनी घडी करून परत केला आणि म्हणाले, "रोज सकाळी यांची हजेरी मी तोंडपाठ घेत होतो. आता मेली म्हणून मला कागद लागेल होय?" आणि त्यांनी नावं घेतली ती अकारविल्हे नव्हे, तर पोरं बाकांवर बसत त्या क्रमाने. त्या काळी बाकावर नंबराने बसत, पहिला कोपऱ्यात, मठ्ठ दाराशी, आणि रोज जागा बदलत. डॉक्टरांनी प्रत्येक वर्गाचा शेवटचा क्रम धरला होता. चौथ्या का पाचव्या नावाला वरच्या सज्जातून एका आईचा आवाज आला, "हजर नाही, सर." मग पुढच्या नावाला दुसऱ्या कुणाचा. तेव्हापासून हे असंच. लॅटिनच्या मास्तराने नाव पुकारायचं, कागद न घेता. त्या घरातलं, त्या गल्लीतलं एखादं मूल उभं राहणार आणि उत्तर देणार. दुसऱ्या युद्धाची नावं मागून जोडली गेली. सभागृहाच्या भिंतीवर फळा आहे, त्यावर सगळे आहेत, पण तिथे ते वर्णक्रमाने उभे आहेत, सैनिकांसारखे. बाकांवर ते फक्त लॅटिनच्या मास्तराच्या डोक्यात बसतात.

माझ्या आधी ते मिस युफीमिया गन यांच्या डोक्यात बसत. निवृत्तीच्या वर्षी त्यांनी मला या खोलीत बसवलं आणि म्हणाल्या, "घैसास, मला हे पाठ करायला दोन हिवाळे लागले. तुम्ही परके, तुम्हाला तीन लागतील." मी म्हटलं, बाई, आमच्या घरात ही विद्या मिठासारखी असते. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मला ज्या रीतीने वेदांची संथा दिली त्याच रीतीने मी ही नावं घेतली. आधी पद, मग क्रम: पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा, म्हणजे प्रत्येक माणूस दोन वेळा येतो, एकदा कुणाचा तरी हात धरून आणि एकदा कुणाला तरी हात देऊन. मधला एक निसटायची सोयच नाही. मग जटा, उलट-सुलट. बेन-सिंक्लेअर, सिंक्लेअर-बेन, बेन-सिंक्लेअर. मिस गन दारात उभ्या राहून ऐकत होत्या. सहा आठवड्यांनी त्यांनी माझी परीक्षा घेतली, सगळी नावं ऐकली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "वाईट नाही." तो माझ्या आयुष्यातला सर्वोच्च पुरस्कार. त्या रात्री तुझी आई म्हणाली, "एफी गन 'वाईट नाही' म्हणाली? श्री, तुला कळतंय का, तिने स्वतःच्या बहिणीच्या लग्नातही एवढं कौतुक केलं नव्हतं!"

आणि मग तू शाळेत आलीस. तू 'गायस'ची मुलगी. घैसासचं 'गायस' ही पोरांची लॅटिन कृपा. गावात तुझं आजोळ होतं, पण आईकडची सगळी नावं तुझ्या मामेभावंडांनी आधीच वाटून घेतली होती. तेव्हा प्रथेप्रमाणे तुला मर्डो स्वॉन्सन मिळाला. दीपगृहवाल्याचा मुलगा, बापाची बदली झाली, घरचे गेले, गावात त्याचं कुणी उरलं नाही, म्हणून ज्याला दुसरं कुणी नाही अशा मुलाला तो दिला जातो. बाकी मुलांना खापरपणजोबांचे फोटो होते. तुझ्याकडे काही नव्हतं, तर तू त्याला रचलंस. त्याला सलगम आवडत नसे. तो डावखुरा होता. गणितात कच्चा होता, पण दिव्याचे फेरे मोजण्यात पक्का. पहिल्या वर्षी तू उभी राहिलीस आणि मी वरून म्हणालो, "मर्डो स्वॉन्सन", आणि तू एवढ्या मोठ्याने ओरडलीस, "हजर नाही, सर!" की टलकसाहेबांच्या आधीचे रेक्टर दचकले. घरी येऊन मला वर बजावलंस, "बाबा, तू स्वॉन्सनचा 'स्व' मराठी म्हणतोस. तो तसा नाही." सहा वर्षं दर नोव्हेंबरात तू माझा तो 'स्व' सुधारत होतीस. तुझा हा निर्दयपणा मला तेव्हाही आवडायचा. सात वर्षांची असताना भर दुकानात, खाटकासमोर, तू माझं इंग्रजी दुरुस्त केलं होतंस, आणि खाटीक खाली बघून सॉसेजेस मोजू लागला होता. या गावात कुणी कुणाची चूक तोंडावर काढत नाही. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर हे म्हणतील, "आज तुमच्याकडे जरा उबदार दिसतंय."

तर गेल्या शुक्रवारी रंगीत तालीम झाली. सगळी शाळा सभागृहात, तुझी आई पियानोवर, कारण शाळेतून निवृत्त झाली तरी त्या दिवशी पियानो तिचाच असतो. मी वर उभा राहिलो आणि नावं घेतली. इला, मला फार छान वाटत होतं. नावं ओघात येत होती, उत्तरं येत होती, वारा खिडक्या वाजवत होता. शेवटचं नाव घेतलं, शांतता पाळली, आईने स्तोत्र वाजवलं. मी खाली उतरलो तर टलकसाहेबांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला, "अप्रतिम श्री, अप्रतिम!" वॉटी दाराशी उभा होता. त्याची सर्वोच्च दाद म्हणजे 'हं'. तो म्हणाला, "मास्तर, यंदाच्यासारखी झालीच नाही कधी." आणि घरी जाताना गाडीत तुझी आई म्हणाली, "खूप सुंदर झालं, श्री."

खूप सुंदर. बत्तीस वर्षांच्या संसारात हे शब्द मी प्रथमच ऐकले, आणि मूर्खासारखा खूश झालो. शनिवार-रविवार मी शीळ घालत होतो.

सोमवारी पहिल्या तासानंतर मारिसेल नावाची मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. पहिल्या वर्षात आहे. तिची आई फिलिपिन्सहून आपल्या गावच्या वृद्धाश्रमात परिचारिका म्हणून आली आहे. गावात तिचं कुणी नाही. म्हणजे ती कुणाची वारस ते तुझ्या लक्षात आलंच असेल. उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माझा माणूस कुठे गेला?" मी म्हटलं, कोण माणूस? "मर्डो, सर. मी उभी राहिले होते. तुम्ही मके म्हणालात आणि मग एकदम बेन म्हणालात. मग मी खाली बसले." मी हसून म्हटलं, तू ऐकलं नसशील बाळ. ती म्हणाली, "नाही सर, मी त्याच्या आधीच्या शनिवारपासून सराव करत होते, मी बरोब्बर ऐकत होते. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनी खाली बघितलं." आणि मग विचारलं, "त्याचं नाव काढून टाकलं का? मी नवीन आहे म्हणून?"

मी तिला सांगितलं की नाही, त्याचं नाव आहे, चूक माझी आहे, पुढच्या वेळी तो येईल. ती म्हणाली, "बरं, मग मी मोठ्याने बोलेन," आणि निघून गेली. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि म्हणून पाहिलं. मके-बेन. बेन-सिंक्लेअर. सांधा असा घट्ट जुळला होता की मधे कधी कुणी बसलं होतं याची खूणसुद्धा नाही. मला अडखळायला झालं असतं, शब्द जिभेवर आला नसता, तर मी काही म्हटलं नसतं. या वयात ते चालतंच. पण इथे मला काही हरवल्यासारखं वाटलंच नाही. पोरगी समोर येऊन नाव सांगते आहे, आणि माझ्या डोक्यातला बाक म्हणतो आहे, छे, इथे कुणी बसत नव्हतं.

आता तू म्हणशील, बाबा, एकच नाव. तुला मी स्थालीपुलाकन्याय शिकवला होता: भात शिजला का हे बघायला पातेल्यातलं एकच शीत चेपतात, सगळी शितं चेपून बघत नाहीत. सोमवारपासून मी रोज शाळा सुटल्यावर पीट ठेवायच्या जुन्या खोलीत जाऊन नावं म्हणतो आहे. मर्डोला परत बसवला. मंगळवारी तो होता, पण पहिल्या बाकावरचा एक मन्रो गेला. मन्रोला आणला, तर काल दोन सख्खे भाऊ, ज्यांची नावं मी तीस वर्षं एका श्वासात घेतो, ते एकमेकांपासून तुटले आणि मधे कुणी तिसराच येऊन बसला. तुझे इथले आजोबा, आईचे वडील, जाळी विणायचे ते तुला आठवतं ना, जुनं जाळं असलं की एक भोक बुजवावं तर सूत पलीकडे सुटतं, आणि मग ते म्हणायचे, "हे आता दुरुस्त नाही होत, हे नुसतं हिंडतं." ते भोक माझ्या डोक्यात हिंडतं आहे. अण्णा ब्याऐंशीव्या वर्षी गेले, आदल्या दिवशी खाटेवरून माझा एक स्वर चुकलेला पकडला आणि उशीवरून हात उचलला, मारायला. हात पोचला नाही, पण उचलला. मी अठ्ठावन्नचा आहे. मारायला हात उचलेल असं इथे मला कुणी नाही.

कारण आता मला सगळं दिसायला लागलं आहे, उलट्या क्रमाने. तुझ्या आईने ऐकलं होतं. मके आणि बेनच्या मधे तिचे हात पियानोच्या पट्ट्यांवरून उचललेले मला आता आठवतात. टलकसाहेबांनी ऐकलं होतं, काल ते दाराशी येऊन म्हणाले, "श्री, मुलं म्हणत होती, यंदा नावं मागच्या पडद्यावर दाखवू या का? जरा आधुनिक वाटेल. तुम्हाला काही त्रास नको." मुलं काहीएक म्हणत नव्हती. वॉटीने ऐकलं होतं, त्याचं बिस्कीट मी खाल्लं. आणि त्याआधीही काही झालं असणार, जे मला ठाऊक नाही, कारण गेले काही महिने तुझी आई मी गाडी काढली की सहज म्हणून शेजारी येऊन बसते, आणि चौकात सहज म्हणून डावीकडे बघत म्हणते, "आज बंदरावरून जाऊ या का?" मी समजत होतो, म्हातारपणी प्रेम वाढलं. इला, ही फार सज्जन माणसं आहेत. यांच्या सज्जनपणात मी बुडून जाईन आणि पाणी कुठवर आलं ते मला कुणी सांगणार नाही.

म्हणून हे पत्र मराठीत आहे. नेहमी आपण इंग्रजीत लिहितो, आणि पत्र टपालात टाकण्याआधी तुझी आई खाली चार ओळी जोडते. हे तिला वाचता येऊ नये. रविवारी सकाळी ओटच्या पेजेबरोबर तुला बळेबळे बाराखडी शिकवली, तेव्हा तू विचारलं होतंस, "या गावात हे वाचणार कोण?" तेव्हा मला उत्तर आलं नव्हतं. इन्व्हर्नेसच्या डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे, हजेरीनंतरच्या मंगळवारची. आईला सांगितलेलं नाही, पण तिनेही माझ्यासाठी कुठली वेळ घेतली असेल तर आम्ही दोघे एकमेकांना चुकवत एकाच दाराशी भेटू. ते जाऊ दे. तू ग्लासगोहून पुढच्या बुधवारी ये. कामाची सबब सांगू नकोस, तुझे ते बांधायचे पूल दोन दिवस थांबतात. गुरुवारी या खोलीत बस, मी सगळी नावं म्हणेन, आणि तू ती माझ्याकडून घे, क्रमाने, हात धरून, हात सोडून, जेवढी माझ्यापाशी आहेत तेवढी. जिथे भोक असेल तिथे फळ्यावरून माणूस शोधून आण आणि मला विचार. लॅटिन येत नसलं तरी चालेल, मिस गन यांना काय म्हणायचं ते म्हणोत. आणि शुक्रवारी सज्जात बस, जिथे पहिली आई बसली होती. मी एखाद्याला विसरलो तर उभी राहा आणि ओरड. सगळ्या शाळेसमोर, टलकसाहेबांसमोर, आईसमोर. लाज वाटू देऊ नकोस, तुला ती कधी वाटली नाही. मारिसेल एकटी आहे, अकरा वर्षांची आहे, आणि ही माणसं लवकरच तिलाही सज्जन करून टाकतील.

नावं विसरायची मला भीती आहेच, ती खोटी कशाला सांगू. पण रात्री जाग येते ती त्याने नाही. मके म्हणालो आणि बेन म्हणालो, तेव्हा मला फार छान वाटत होतं, हे आठवून येते. एक दिवस मधली जागा तुझी असेल. तू दारात उभी असशील, मी तुला ओलांडून पुढचं नाव घेईन, मला काही चुकल्यासारखं वाटणार नाही, आणि तू, माझी निर्दय पोर, खाली बघशील आणि म्हणशील, "छान दिसतोयस हं, बाबा." मी खूश होईन. मला त्याची फार भीती वाटते, इला.

अजून तरी तुझाच,
बाबा